रिकामं स्टूल

जुनं, हाताने फिरवायचं भिंग घ्यायला फोटोवाला दुपारी दुरुस्तीवाल्याकडे गेला. भिंगासोबत एक मेमरी कार्डही मिळालं.

"कार्डातले फोटो आधी पुसून घे," दुरुस्तीवाला मान वर न करता म्हणाला.

"कुणाचं आहे?"

"होतं एका बापाचं. लेकरू गेलं, मग तोही घर सोडून गेला."

घरी येऊन त्याने कार्ड कॅमेऱ्यात घातलं. एकाच खोलीतले चार फोटो. पहिल्यात स्टुलावरचा मुलगा अंधुक, मागचं दार मात्र स्वच्छ. दुसऱ्यात दाराअलीकडची खुर्ची स्वच्छ. तिसऱ्यात मुलगा. चौथ्यात नुसतं स्टूल.

दुसऱ्याच्या लेकराचा फोटो आपण पुसायचा नाही, हा त्याचा धंद्यातला नेम. आता तर हात धजेचना. ते चार फोटो त्याने तसेच राहू दिले.

भिंग लावून त्याने कॅमेरा तिपाईवर चढवला आणि आपल्या लेकीला, छकुलीला, समोर स्टुलावर बसवलं.

"बाबा, लवकर हं. तुम्ही नुसते फिरवतच बसता!"

"तू हललीस की पुन्हा फिरवावं लागतं, बाईसाहेब."

भिंगाचं कडं फिरवून त्याने तिचे डोळे नीट टिपले, बटण दाबलं. फोटोत छकुली अंधुक. मागचं दार स्वच्छ.

बटण दाबताना कडं सरकलं असेल. त्याने पुन्हा काढला.

आता दाराअलीकडची खुर्ची स्वच्छ आली. कडं तर जागचं हललं नव्हतं. तरी त्याच्याकडून बटण पुन्हा दाबलं गेलंच.

तिसऱ्यात छकुलीची पापणीन् पापणी दिसत होती. फक्त उजव्या खांद्यावर फ्रॉक दबला होता. चार बोटं टेकावीत तसा.

"छकुले... खांद्यावर काय आहे गं?"

"काही नाही... गार लागतंय."

त्याला चौथा फोटो आठवला. कॅमेरा तिपाईवर तसाच टाकून तो धावला, पोरीला उचललं आणि स्वयंपाकघराकडे पळत सुटला.

मागे खोलीत कुणी नव्हतं. तरी कॅमेरा वाजला. खट्.

आता समोर रिकामं स्टूलच होतं. म्हणजे त्या बापानेही पोर असंच उचललं होतं, आणि तरी ते गेलंच...

"काय झालं? एवढे घामाघूम का?" बायकोने हात पुढे केले आणि छकुलीला घेतलं. घेताक्षणी ती ओझ्याने खाली वाकली.

"अगं बाई! एवढी जड कशी झालीस गं एकाएकी?"

फ्रॉकवरचा तो दाब अजून उठला नव्हता.