मास्तरांच्या उशाचं यंत्र

जरा जवळ सरका आणि ऐका. ही माझ्या साडूची गोष्ट. इस्पितळात पेसमेकर तपासायचं त्याचं काम. भूत भेटलंच, तर आधी त्याचं बीपी घेईल असा माणूस.

मंगळवार होता, चौदा तारीख. त्याच्याच वस्तीतले एक मास्तर चार दिवसांपूर्वी गेले होते. त्यांच्या उशाचं यंत्र परत आणायचं होतं. छातीतल्या पेसमेकरची खबर ते बिनतारी टिपून रोज इस्पितळाला कळवायचं. मास्तरांचा पेसमेकर अंत्यसंस्काराआधी साडूच्या देखतच काढलेला.

ड्यूटी संपवून सव्वादहाला तो तिथे पोचला. मास्तरांच्या बायकोने दार उघडलं.

"आजचा दिवस राहू दे ना ते."

"काकू, आता काय उपयोग त्याचा?"

"आत्ताच कुठे डोळा लागलाय त्यांचा."

बाईंनी फारच मनाला लावून घेतलंय, असं मनाशी म्हणत साडू आत गेला. पलंगावर टेकला आणि प्लग काढायला वाकला.

यंत्राचा हिरवा दिवा लागलेला होता.

हा दिवा कधी लागतो? पेसमेकरवाला माणूस जवळ असला तरच. पडद्यावर आकडा होता. ठोके साठ.

"काकू, तुम्हालाही बसवलाय का?"

"नाही रे."

त्याने प्लगला हात लावला. नव्वद.

हात मागे घेतला. सत्तर.

पुन्हा पुढे केला... एकशे दहा.

कुणीतरी घाबरत होतं.

"काकू..."

काकू दारातच उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "त्यांच्या पायांवर बसलायस तू."

साडू उठला. आकडा उतरत गेला. ऐंशी. सत्तर. साठ.



यंत्र तिथेच ठेवून तो बाहेर पडला. दहा चाळीस झाले होते. घरी चालत गेला. मागे वळून पाहिलं नाही.

सकाळी इस्पितळात अहवाल आलेला होता. मास्तरांच्या नावाचा. ठोके तर होतेच, शिवाय रुग्ण रात्रभरात किती चालला तेही. दहा चाळीसपासून एक हजार बारा पावलं.

संध्याकाळी साडू मास्तरांच्या दारापासून मोजत निघाला. हजारावं पाऊल त्याच्या स्वतःच्या फाटकात पडलं. उरलेली बारा मोजत तो आत गेला, ती त्याच्या पलंगापाशी संपली.

परतीची पावलं अहवालात नव्हती.