किनारपट्टीवर उष्ण व दमट

दुपारचे साडेतीन वाजले होते. मार्च संपत आला होता आणि पैठण रोडचं डांबर चपलेला चिकटत होतं. चितेगावच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट संपवून सुलेखा द्वारकाबाईंच्या रसवंतीवर आली, डोक्यावरची ओढणी मागं टाकली आणि बाकावर बसली. द्वारकाबाईंनी चरकात ऊस घातला. घुंगरं वाजली.

"कवा हाय गं तुझी शर्यत?"

"तीन आठवड्यांनी. कोकणात, समुद्राच्या कडंकडंनं. एकवीस किलोमीटर." सुलेखानं ग्लास हातात घेतला. "आणि यंदा बघाच, मावशी. तिकडं छत्तीस डिग्री, आपल्याकडं चाळीस. रोज चाळीसमधी पळणारी पोरगी छत्तीसला भिती व्हय? हसत हसत पळून येते!"

"छत्तीस म्हणून हसू नका."

आवाज मागून आला. सुलेखा दचकली. कारण हा आवाज तिच्या ओळखीचा होता... अगदी रोजचा. सकाळी चहाच्या वेळी बाबांच्या फोनवर हाच आवाज यायचा – 'मराठवाड्यात हवामान कोरडे राहील. कोकण किनारपट्टीवर हवामान उष्ण व दमट...'

ती वळली. मागच्या बाकावर एक सावळा, उंच तरुण बसला होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मानेवर ओला रुमाल, आणि डोळ्यांत हसू – पण तिची थट्टा करणारं नाही.

"तुम्ही... हवामानवाले?"

"व्हय. शेतकऱ्यांना अंदाज पाठवणारी कंपनी हाय आमची, शहरात. मी अंदाज लिहितो आणि वाचतोही. वैजनाथ."

"वैजनाथ?" सुलेखाला हसू आवरेना. "आवाज एवढा तरणा आणि नाव आजोबांचं!"

"आजोबांचंच हाय. त्यांना लई पुरलं, म्हणून मला दिलं."

द्वारकाबाई खो खो हसल्या. वैजनाथनं मानेवरचा रुमाल काढला, हंड्यातल्या पाण्यात बुडवून पिळला आणि दोरीवर टाकला.

"तुमचा रस संपेपर्यंत हा वाळंल. कोकणात ह्याच वेळी टाकला, तर दिवेलागणीलाही ओलाच. घामाचंही तसंच हाय. इथं घाम वाळतो आणि अंग थंड करतो. तिथं हवेतच पाणी भरलेलं... घाम नुसता वाहतो. अंग आतून तापत जातं आणि पळणाऱ्याला वाटतं, आपलेच पाय कमजोर पडले."

सुलेखाचं हसू मावळलं. गेल्या वर्षी सोळाव्या किलोमीटरला नेमकं तेच झालं होतं. तिसऱ्या नंबरवर पळत होती ती. एकाएकी गुडघे मेणाचे झाले, समोरचा रस्ता डोलायला लागला, आणि शुद्ध आली तेव्हा ती स्ट्रेचरवर होती. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो कारखान्यात फिरला. बाबा, रामकिसन, काही रागावले नाहीत. फक्त म्हणाले होते, "अजून एकदा पळ. जमलं नाय, तर बास कर, पोरी. तुला तसं पडलेलं मला परत बघवायचं नाय." वर्षभर ती स्वतःच्या पायांनाच दोष देत आली होती.

"म्हणजे..." तिनं ग्लास खाली ठेवला. "म्हणजे माझे पाय चांगलेच होते?"

"पाय मी पाहिले नाहीत," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. कानाच्या पाळ्या लालबुंद. "म्हणजे... पळताना पाहिलं नाही, असं म्हणायचं होतं."

सुलेखानं ओढणी तोंडाला लावली. रुमाल तोवर खरंच वाळला होता.

उपाय त्यानंच काढला. रस्त्याला लागूनच लक्ष्मीबाईंचं पॉलीहाऊस होतं, एक एकरात ढोबळी मिरची. तिथली तापमानाची आणि दमटपणाची यंत्रं बघायला तो हल्ली आठवडाभर येत होता. पांढऱ्या प्लास्टिकच्या छताखाली सारखा बारीक फवारा चालायचा. आत पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं साचावं अशी हवा.

"हे तुमचं कोकण," तो दार उघडून म्हणाला. "कडंनं अडीचशे मीटरचा फेरा हाय. माणसाचं अंग दोन आठवड्यांत दमट हवेला सरावतं. रोज तासभर पळा. लक्ष्मीबाईंना मी विचारलंय. मिरची तोडायची नाही, एवढीच अट."

पहिल्या दिवशी सुलेखा बारा फेऱ्यांत थकली. दुसऱ्या दिवशी चौदा. वैजनाथ दारापाशी खुर्ची टाकून बसायचा, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात वही. ती समोरून गेली की पाण्याची बाटली पुढं करायचा. तिच्याइतकाच तोही घामानं निथळायचा.

"तुम्ही बाहेर सावलीत का नाय बसत?" तिनं एकदा पळता पळता विचारलं.

"बाहेरून दिसत नाही."

"काय दिसत नाय?"

पुढच्या फेरीपर्यंत ती उत्तराची वाट बघत राहिली. ती वळून आली तेव्हा तो वहीत डोकं घालून म्हणाला, "...यंत्र."

सुलेखा हसली, आणि हसताना फेरी चार सेकंद हळू झाली. त्यानं तीही वहीत लिहिली.

असे दिवस गेले. तिला कळायला लागलं, की अंग तापायला लागलं म्हणजे कानामागं आधी टकटक होते. तेव्हा वेग सोडायचा आणि श्वास सावरायचा. फेऱ्या चाळीसवर गेल्या. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसल्या बसल्या ती घड्याळाकडं बघायची – अजून अडीच तास... अजून एक तास... ही ओढ पळण्याची की आणखी कशाची, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

शर्यतीला पाच दिवस होते तेव्हा सकाळी बाबांच्या फोनवर अंदाज आला, पण आवाजात नेहमीचं हसू नव्हतं.

'कोकण किनारपट्टीवर येत्या शुक्रवारपासून उष्णतेची लाट. पूर्वेकडील वाऱ्यांमुळे समुद्रावरचा खारा वारा दुपारनंतरच सुटण्याची शक्यता. तापमान अडतीस ते एकोणचाळीस अंशांवर जाईल. रविवारी सकाळी सातनंतर कष्टाची कामे टाळावीत.'

रविवार. शर्यत सकाळी सातलाच सुटणार होती.

दुपारी ती पॉलीहाऊसच्या दारात येऊन उभी राहिली. पळायचे बूट हातातच होते.

"आयोजकांनी तुमचा अंदाज वाचला. शर्यत रद्द करायची का, म्हणून त्यांची बैठक चाललीय. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"कालच कळलं होतं. अंदाज मीच त्यांना पाठवला."

"मला न सांगता?" तिनं बूट खाली टाकले. "पहिल्या दोघींना राज्याच्या संघात घेणारेत. बाबांनी एकदाच मुभा दिलीय. एक दिवस थांबता आलं असतं की नाय?"

"नाही आलं." तो उठून उभा राहिला. "सुलेखा, त्या शर्यतीत अठराशे माणसं पळणारेत. साठीची माणसं हायेत. तीन-तीन तास लागणाऱ्या हौशी बाया हायेत. तुमच्यासाठी मी दोन डिग्री कमी लिहिल्या असत्या, तर..." त्यानं वही मिटली. "तसं लिहावंसं मला वाटलं नाही, असं समजू नका. रात्रभर वाटत होतं."

सुलेखाला राग आला होता, आणि त्या रागाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. तिच्यासाठीसुद्धा खोटं न लिहिणारा माणूस... असा माणूस तिला आवडायला नको होता, निदान आज तरी. तिनं बूट घातले आणि पंचेचाळीस फेऱ्या मारल्या. तो बाटली पुढं करत राहिला. तिनं एकदाही घेतली नाही. शेवटच्या फेरीला मात्र घेतली.

गुरुवारी फोन आला. शर्यत रद्द झाली नव्हती. साडेपाचला सुटणार होती, उजाडायच्या आधी. दर दोन किलोमीटरला पाणी, बर्फ आणि डॉक्टर ठेवणार होते. आयोजकांनी पत्रात लिहिलं होतं, की वेळेत अंदाज मिळाला म्हणून एवढी सोय करता आली.

सुलेखानं ते पत्र दोनदा वाचलं. मग वैजनाथला फोन लावला.

"माझी चूक झाली," ती म्हणाली.

"तुम्ही चाळीसच्या वर फेऱ्या मारल्या त्या दिवशी. रागात वेग चांगला येतो तुमचा." तो थांबला. "एक सांगू? पहाट हाय म्हणून सगळ्या जोरात सुटतील. पण लाटेत रात्रही थंड होत नाही, हवा जड असंल. तुम्ही सुटू नका. बारा किलोमीटर जीव राखून पळा. त्यानंतर... त्यानंतर मी काही सांगत नाही. तुमचे पाय तुम्हाला सांगतील."

रविवारी पहाटे किनाऱ्यावर पान हलत नव्हतं. समुद्र अंधारात होता, नुसती गाज ऐकू येत होती. शिट्टी वाजली आणि बायांचा घोळका खरंच उधळला. सुलेखा मागं राहिली. एक, दोन, दहा... एकोणीस जणी पुढं गेल्या. कुणीतरी रस्त्याच्या कडेनं ओरडलं, "गेल्या वर्षीची ती पडलेली!" तिनं ऐकलं आणि सोडून दिलं.

सहाव्या किलोमीटरला तिचं अंग चिंब झालं. श्वास नाकात अडकणारी ती जड हवा आली. आणि सुलेखाला ती परकी वाटलीच नाही. ही तर मिरचीची हवा! नववा किलोमीटर. पुढच्या बाया एकेक करून कंबरेवर हात ठेवायला लागल्या. बारावा. कानामागं अजून टकटक नव्हती.

मग तिनं पाय मोकळे सोडले.

सोळाव्या किलोमीटरला तिनं खाली पाहिलं नाही. सतराव्याला ती तिसरी होती, अठराव्याला दुसरी. उजाडलं होतं, डाव्या हाताला समुद्र चांदीसारखा लखलखत होता. पुढं निळ्या टीशर्टातली एक उंच मुलगी धापा टाकत चालली होती. एकोणिसाव्याला सुलेखा तिच्या बरोबरीला आली, विसाव्याला पुढं गेली. शेवटचे पाचशे मीटर ती पळत होती की ओरडत होती, तिचं तिला कळलं नाही. छातीला फीत लागली तेव्हा तिचे दोन्ही हात वर होते आणि ती स्वतःच्या पायांवर उभी होती.

बाबांना फोन लावला. पलीकडून रामकिसन म्हणाले, "आता बास नको करू, पोरी. आता पळ!"

डोळे पुसून तिनं वर पाहिलं, तर दोरीच्या पलीकडं, गर्दीत, चुरगळलेल्या शर्टात वैजनाथ उभा होता. बसचा प्रवास त्याच्या केसांत दिसत होता.

"तुम्ही? अंदाज कोण वाचतंय आज?"

"कालच वाचून ठेवला." तो जवळ आला. "अंदाज चुकला असता, तर समोर उभं राहून माफी मागायची होती. म्हणून आलो."

"आणि नाय चुकला तर?"

"तर..." त्यानं एक खोल श्वास घेतला. "तर सांगायचं होतं, की मी पॉलीहाऊसमध्ये यंत्र बघत नव्हतो. तुलाच बघत होतो. रोज. आणि जन्मभर बघायची इच्छा हाय."

सुलेखाच्या गळ्यात पदक होतं, अंगावर मीठ वाळत होतं. ती हळूच म्हणाली, "आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो हाय, वैजनाथ. बुद्धाचाही. तुझ्या घरी चालंल?"

"आमच्या भिंतीवर आपल्याकडच्या सातारा गावच्या खंडोबाचा हाय. आईला कालच सगळं सांगून निघालो. ती म्हणाली, पोरगी जिंकून आली की घेऊन ये, आणि हरून आली तर त्याहून लवकर घेऊन ये."

"आणि भिंत?"

"भिंत मोठी घेऊ."

सुलेखा हसली. तिनं बूट काढले, मोजे काढले. गेल्या वर्षी समुद्र तिनं स्ट्रेचरवरूनच पाहिला होता, वैजनाथनं तर कधीच पाहिला नव्हता.

"चल," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून वाळूत ओढत निघाली.

"अगं, माझी पँट..."

पहिली लाट दोघांच्याही गुडघ्यापर्यंत आली. मराठवाड्याची ती दोन माणसं एकदमच किंचाळली, एकमेकांना घट्ट धरून उभी राहिली, आणि पुढच्या लाटेकडं बघत मोठमोठ्यानं हसायला लागली.