तांब्याभर तळं

“रोज ताजं पाणी घालायचं, आणि तळ्याचंच. मी नसले तरी.” सासूबाईंनी सांगितलं तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. माझ्या लेखी तो शब्दच दिला गेला.

आमच्या डोंगरातल्या गावाचा सगळा इतिहास माहितीघरातल्या एका मेजावर मावतो. लाकडात कोरलेली जुनी गिरणी, दगडी पूल, घड्याळाचा मनोरा, उतरत्या छपरांची घरं आणि मधोमध पसरट पितळी ताट, तेच तळं. मनोरा कधी जळला, पूल कुणी बांधला, ते मी पर्यटकांना सांगते. मुलं तोवर ताटात बोटं बुडवतात. रोज आंघोळ झाली की तळ्याचं तांब्याभर पाणी त्यात ओतायचं, मगच माझ्या तोंडात थेंब.

माहितीघर चालवतात धाकटे दीर. त्यांना डासांचा आणि फुगलेल्या लाकडाचा वैताग. काल मी घरी गेल्यावर त्यांनी सुताराकडून ताटावर निळी काच चिकटवून घेतली. सकाळी भरला तांब्या घेऊन आले, तर पाणी ओतायला जागाच नाही. तरीही ओतलं. काचेवरून ओघळून सगळं जमिनीवर. भाऊजींनी फडकं पुढे केलं.

“वहिनी, देव काय ताटात बसलाय? लोक फोटो काढायला येतात, पुण्य मिळवायला नाही.”

मी वाद घालत नाही. सुताराकडे गेले. तो म्हणाला, साहेब सांगतील तर काढतो. साहेब म्हणजे भाऊजीच; ते म्हणाले, सुताराला सवड झाली की बघू. दोघांमध्ये माझा चेंडू झाला. दुपार होत आली, घसा कोरडा पडला, आणि राग मात्र गिळता येईना.

खिडकीतून यांची होडी दिसत होती. पलीकडच्या काठावरून पर्यटक आणायला हे एकटेच निघाले होते. होडी तळ्याच्या मधोमध. वल्ही वरखाली होत होती, होडी जागची हलत नव्हती.

भाऊजी म्हणाले, दादा गप्पा मारत बसला असेल. कुणाशी, ते मी विचारलं नाही.

पुन्हा पाहिलं तेव्हा वल्ही थांबली होती. होडीत कुणी नव्हतं.

मी धावत घाटाच्या पायऱ्या उतरले. भाऊजी मागोमाग. काय करावं सुचेना, म्हणून वाकून तांब्या पाण्याला लावला.

टण् असा आवाज आला.

माहितीघरात परत येऊन भाऊजींनी सुताराची काल मेजाखाली राहिलेली हातोडी उचलली आणि ताटावरच्या काचेच्या कडेला हलकेच मारली. बाहेर सगळं तळं कडाडलं. मी त्यांच्या हातातून हातोडी काढून घेतली.

मग ते दिसलं. काचेवर मधोमध वाफेचा ठिपका होता, कुणी तोंड जवळ आणून श्वास सोडावा तसा. मी फडक्याने पुसला.

पुसला जाईना. तो आतून होता.

विरला. थोडा अलीकडे पुन्हा उमटला. मग आणखी अलीकडे.

मेजावरच्या घाटाच्या लाकडी पायऱ्यांपाशी येऊन थांबला, आणि तिथेच दाट होत राहिला.

“वहिनी, कुठे निघालात?” भाऊजींनी विचारलं.

माझ्या एका हातात तांब्या होता, दुसऱ्यात हातोडी.

“पाणी आणते,” मी म्हणाले, आणि दार हळूच लोटून घेतलं.