दोनशे मिलिग्रॅम

मी माळनाक्यावरच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. त्यामुळे १९८३ साली हेमाला घरी चीज करायचा नाद लागला, तेव्हा विरजणाची पूड मोजायचं काम माझ्याकडे आलं. तिचा भाऊ श्याम आणंदला डेअरीत नोकरीला. त्याने पाठवलेलं पाच ग्रॅमचं पाकीट पन्नास लिटर दुधाला पुरणारं. आम्ही रविवारी दोनच लिटरचं करायचो.

"चिमूटभर घातली तर नाही का चालणार?" हेमा विचारायची.

"दोनशे मिलिग्रॅम," मी म्हणायचो. जास्त झाली की चीज आंबट, कमी झाली की दूध ढिम्म. औषधाच्या काट्यावर तोलून मी पंचवीस पुड्या बांधल्या आणि बरणीत घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या.

चौदा पुड्या संपल्या आणि कार्तिकात हेमा गेली. कावीळ. नऊ दिवसांत. जन्मभर लोकांना औषधं बांधून देणारा मी, नुसता उशाशी बसून राहिलो.

महिन्याने एका रविवारी मी एकट्यानेच दूध कोमट केलं आणि एक पुडी घातली. चीज तिच्या हातचं असावं तसं झालं. पुढच्या रविवारी बरणी काढली. दहा पुड्या हव्या होत्या. अकरा होत्या.

सगळ्या ओट्यावर मांडल्या. दहा माझ्या. अकरावीची घडी उलट्या बाजूने घातलेली.

हेमा डावरी होती.

त्या दिवसापासून मी तेवढीच वापरू लागलो. पुढच्या रविवारी तिच्या जागी दुसरी असे. तोलून पाहिली, बरोबर दोनशे. फाल्गुनात एकशे ऐंशी भरली. चैत्रात एकशे दहा. तरी दूध लागलीच जमायचं.

श्यामचं पत्र आलं: 'पाकीट फोडून आठ-नऊ महिने झाले. ते विरजण आता मेलं असणार. तुम्ही घालता तरी काय?'

मी माझी एक पुडी वेगळ्या पातेल्यात घालून पाहिली. दूध तसंच राहिलं.

वैशाखात तिची पुडी वीस मिलिग्रॅम भरली. घडी सैल होती, बोटांत जोर नसल्यासारखी.

मी काटा बाजूला सारला. "हेमा, पुरे आता," मी म्हटलं. "दमलीस."

पुढच्या रविवारी बरणीत फक्त माझ्या नऊ पुड्या होत्या. फ्रिजचं दार उघडं टाकून मी तिथेच खाली बसलो आणि कार्तिकात आलं नव्हतं ते रडू आलं.

तेवढ्यात दूध आलं. रतीब घालणारी काशी आजारी होती, म्हणून तिची सून जनी आली होती. चार दिवसांपूर्वी लग्न होऊन लांज्याहून आलेली. आमच्या घरचं तिला काही ठाऊक नव्हतं. तिने अर्धा लिटर घातलं आणि कॅनला झाकण लावलं.

"रविवारी दोन लिटर असतं आमचं," मी म्हटलं.

"मगाशी मागल्या दारी बाईंनी सांगितलानी," जनी म्हणाली. "आजपासून अर्धाच घाल, त्यांच्या एकट्यापुरता."

मी पातेलं ओट्यावर ठेवून मागल्या दाराकडे पाहिलं.

"बाईंना बरं नाय काय?" तिने हळूच विचारलं. "दाराला धरून उभ्या होत्या."