अक्षर पुरं होईपर्यंत

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी चमच्याने टेबल बडवत होते.

बालवाचनालयात सुट्टीसाठी गुप्त संदेशांचा वर्ग मी मोठ्या हौसेने काढला होता. अक्षरांची चक्रं, लिंबाच्या रसाने लिहिलेल्या चिठ्ठ्या... इथवर निभावलं. टिंब-रेघांच्या मोर्स कोडशी गाठ पडली आणि माझी भंबेरी उडाली.

"ठोका... लां..."

दारात खालच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला तरुण उभा होता. हातात आमचा दुरुस्त झालेला स्पीकर.

"लांब ठेवायचाय? त्या कपाटावर ठेवा ना."

"नाही. ठोका लां..."

"लांबपर्यंत ऐकू येतोय? सॉरी हं, हळू वाजवते."

तो हसला. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसला आणि पेन्सिल उचलली. टेबलावर टिचकी मारली, ते टिंब. मग पेन्सिल लाकडावरून ओढली – खर्रर्र – ती रेघ. चमच्याचा ठोका लांब होतच नाही, एवढंच बिचारा सांगत होता. तो अडखळत बोलायचा, आणि मला दुसऱ्याची वाक्यं पुरी करायची खोड.

मग तो रोज येऊ लागला. मुलांनी नाव ठेवलं, टकटक सर. आम्ही बाराखडीला आमचीच टिंबं-रेघा ठरवल्या. त्याची बोटं मात्र कधी अडखळली नाहीत. इतकं स्वच्छ, इतकं डौलदार बोलणं मी कुणाच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं. मी बघतच राहायचे.

फळ्यावर त्याने एकच नियम लिहिला : अक्षर पुरं होईपर्यंत अंदाज बांधायचा नाही.

"हा नियम मुलांसाठी की माझ्यासाठी?" मी विचारलं.

"मु... मुलं पाळतात."

मी लाजले. चक्क लाजले!

आणि नेमकं तेव्हाच मला दूरच्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयातून बोलावणं आलं. किती वर्षं वाट पाहिली होती या नोकरीची. मी त्याला सांगितलं. तो "छान" म्हणाला, एका दमात, न अडखळता. मला ते मुळीच आवडलं नाही. जायचं तर होतंच, पण त्याने काहीच न बोलता मला जाऊ द्यावं?

वर्गाचा शेवटचा दिवस. मुलं चक्रं रंगवत होती. मी खिडकीशी पाठमोरी. मागे पेन्सिल वाजू लागली, अगदी हलकेच. टिचकी... खर्रर्र... टिचकी... तो माझ्याशी बोलत होता. खास माझ्याशी, कुणाला कळणार नाही असं.

फक्त एक गोष्ट तो विसरला होता. ही भाषा आम्हीच खोलीभर मुलांना शिकवली होती.

"मॅडम," दोन वेण्यांवाली एक मुलगी उठून म्हणाली, "सर म्हणतायत, जाऊ नका."

रंगपेन्सिली थांबल्या. त्याचे कान लालबुंद झाले. पळूनच जाईल असं वाटलं मला. पण तो उभा राहिला. पेन्सिल खाली ठेवली.

"चु... चुकलं माझं. तुम्ही... जा."

माझ्या जिभेवर आलंच होतं, बरं, जाते. पण समोर सगळी मुलं गप्प होती. कुणी हसलं नाही, कुणी त्याचा शब्द पुरा केला नाही. वाट बघत होती, त्यानेच शिकवलं होतं तशी.

मीही थांबले. आयुष्यात पहिल्यांदा.

"जा. रे... रेडिओ... तिकडेही बिघडतात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मी... येऊ?"

तो जा म्हणताच मी तोंड उघडलं असतं, तर हे मला कधी ऐकूच आलं नसतं. मला रडू येत होतं आणि हसूही. बोलणं तर शक्यच नव्हतं. मी पुढे होऊन त्याची पेन्सिल उचलली. टेबलावर उत्तर दिलं, अगदी छोटं.

साऱ्या माना खाली वाकल्या, कागदांवर टिंबं-रेघा उमटल्या.

"मॅडम, मोठ्याने वाचू?" दोन वेण्यांवालीने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "मला... कळलं."