जन्मरेषेच्या आतली माती

केतकीचा दात हलत होता, पण पडत नव्हता, आणि धुरी कुटुंबाचं सगळं त्या एका दातावर अडलं होतं.

मंगळावरच्या अरुणवाडी वसाहतीत, दंतसाक्ष प्रयोगशाळेच्या बाकावर मोरेश्वर धुरी दोन्ही मुलांना घेऊन बसला होता. साडेसहा वर्षांची केतकी जिभेने दात पुढे ढकलत होती, मागे ओढत होती. चार वर्षांचा मंगेश तिच्या तोंडात डोकावून मदतीची तयारी दाखवत होता. त्याची मदत कशी असते ते केतकीला माहीत होतं. गेल्या महिन्यात त्याने टेबलावर चढून छताला हात लावायला उडी मारली होती. मंगळावर उडी उंच जाते हे त्याला ठाऊक होतं, छत कडक असतं हे ठाऊक नव्हतं. त्याचा पुढचा दात तेव्हाच गेला.

पडलेला दात कौलांवर टाकायचा, ही त्यांच्या वेंगुर्ल्याकडची रीत. अरुणवाडीत कौलं नव्हती. घुमट होता, आणि घुमटावर दात टाकायचा तर श्वासपोशाख चढवून बाहेर जावं लागलं असतं. म्हणून मोरेश्वरने तो दात मिसळणाच्या डब्यात, जिऱ्याच्या वाटीत ठेवून दिला होता. जिरं पृथ्वीवरून यायचं आणि बहुतेक वेळा यायचं नाही, त्यामुळे ती वाटी रिकामीच असे.

मोरेश्वर वसाहतीच्या खाणावळीत आचारी होता. त्याची बायको नलिनी मृदाशाळेत काम करायची. मंगळाची विषारी रेती धुऊन, तिच्यात खत कालवून, तिची शेतीजोगी माती करण्याचं काम. नलिनीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिच्या आईने पृथ्वीवरून निरोप धाडला, की पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. निरोप पोचायला आणि उत्तर यायला इतका वेळ लागायचा, की मोरेश्वरला सासूबाईंशी वाद घालणं अशक्यच होतं. तोवर नव्या यानांनी प्रवास दोन महिन्यांवर आणला होता. नलिनी गेली, केतकीचा जन्म वेंगुर्ल्याला झाला, आणि तान्ही केतकी आईच्या कुशीतून अरुणवाडीला आली. दुसऱ्या खेपेला मात्र इथे प्रसूतीची सोय झाली होती. मंगेश इथेच जन्मला.

दीड वर्षापूर्वी छातीच्या दुखण्यात नलिनी गेली. मोरेश्वर त्याबद्दल फारसं बोलत नसे. मुलांच्या वेण्या, बटणं, डबे, सगळं तो करायचा. वेणी तेवढी वाकडी यायची.

आई असतानाही केतकीपाशी कायम रहिवास नव्हता, पाहुणा परवाना होता, आणि दरवर्षी तो मुकाट्याने वाढवून मिळायचा. यंदा मिळाला नाही. वसाहतीत खोटे जन्मदाखले फार झाले म्हणून परिषदेने नवा नियम केला होता. मूळचा कोण आणि बाहेरचा कोण हे दाखल्यावरून नव्हे, दातावरून ठरायचं. बाहेरचं ठरलेलं मूल सात वर्षांचं व्हायच्या आत पृथ्वीवर परत जायचं, कारण त्यानंतर इथल्या हलक्या ओढीला सरावलेली हाडं पृथ्वीवर टिकत नाहीत. मंगेश तर पोटात असल्यापासून मंगळाचा. त्याला पृथ्वी कधीच झेपणार नव्हती. म्हणजे केतकी एकटी मामाकडे जाणार, मंगेश आणि बाबा इथे राहणार, आणि दोन भावंडं पुन्हा कधी एका ताटाशी बसणार नाहीत.

केतकीला यातलं अर्धं कळलं होतं. मामाकडे समुद्र आहे हे तिला आवडलं होतं. मंगेश येणार नाही हे कळल्यावर तिने समुद्र रद्द केला.

रहिवास अधिकारी रघुवीर सबनीस वेळेवर आले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला धरून चालणारा होता. कागद खोटा असतो, माणूस खोटं बोलतो, दात बोलतच नाही म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवावा, असं ते भेटेल त्याला सांगत.

"पडला का?" त्यांनी विचारलं.

"घाई केल्याने पडत नाही," केतकी म्हणाली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर विशाखा पेडणेकर हसल्या. मोरेश्वरने डबा उघडला. आत अळूवड्या होत्या. केतकीला अळू अजिबात आवडत नसे. घसा खाजतो, ही तिची कायमची तक्रार. पण भूक लागली होती, म्हणून तिने नाक मुरडत एक वडी चावली आणि थांबली. दात वडीत रुतून बसला होता.

मंगेशने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी वडीसकट दात ताब्यात घेतला.

तो धुतला जात असताना मोरेश्वरने विचारलं, की दातावरून कुठली माती ते कळतं कसं. डॉक्टरांना हा प्रश्न आवडायचा. त्या म्हणाल्या, स्ट्रॉन्शियम नावाचं एक मूलद्रव्य असतं, कॅल्शियमचं भावंडच म्हणा. ते मातीतून भाजीत येतं, भाजीतून पोटात. दात घडवताना शरीर फसतं आणि कॅल्शियमच्या जागी थोडं तेही बसवून टाकतं. त्यात जड आणि हलके असे प्रकार असतात, आणि जड किती, हलकं किती हे प्रमाण दर ठिकाणच्या मातीचं वेगळं.

"आमचं कणतोल यंत्र तेवढंच मोजतं," त्या म्हणाल्या. "आणि दुधाचे दात पोटातच घडायला लागतात. जन्माच्या वेळी बाळाला धक्का बसतो, दाताची वाढ चार दिवस अडखळते आणि आत एक रेघ उमटते. तिला आम्ही जन्मरेषा म्हणतो. रेषेच्या बाहेरचं बाळाने खाल्लेलं, रेषेच्या आतलं आईने."

"आणि नियम आतलंच बघतो," सबनीस म्हणाले. "नाहीतर कोणीही चार महिन्यांचं मूल आणून इथलं म्हणून दाखवेल."

यंत्रातल्या मंगळाच्या आकड्याशी ताडताना पडताळणीसाठी मंगळावर जन्मलेल्या मुलाचाही दात लागणार होता. मोरेश्वरने मिसळणाच्या डब्यातली ती वाटी बरोबर आणलीच होती. मंगेशच्या दाताला अजून हळदीचा रंग होता.

यंत्र गुणगुणत राहिलं. डॉक्टर पडद्याकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"केतकीच्या जन्मरेषेच्या आत मंगळ आहे," त्या म्हणाल्या. "चांगला भरपूर."

मोरेश्वरला आधी कळलंच नाही. मग त्याने केतकीला उचललं, आणि मंगळ असल्यामुळे ती त्याच्या अंदाजापेक्षा बरीच वर गेली. सबनीसांनी चष्मा पुसला. मूल वेंगुर्ल्याला जन्मलं, आई शेवटचे दोन महिने तिथलं खात होती, मग हे कसं, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी मोरेश्वरकडे बघितलं. नलिनीताई तेव्हा काय खायच्या?

मोरेश्वर संकोचला. "डोहाळे होते तिला. मातीचे. मृदाशाळेतली धुतलेली माती चिमूट चिमूट खायची. माहेरी जातानासुद्धा डबा भरून नेला होता. मी ओरडायचो, तर म्हणायची, भाकरीत मीठ कमी असतं, त्याची भरपाई करते."

सबनीस हसले. आणि नियमाप्रमाणे लेक मूळची इथली ठरली, असं म्हणत ते उठले.

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरा दात राहिलाय. मंगेशच्या जन्मरेषेच्या आत कोकण आहे."

मंगेशने आपलं नाव ऐकून वर बघितलं आणि पुन्हा वडी खायला लागला.

त्याचंही उत्तर मोरेश्वरकडेच होतं. दुसऱ्या खेपेला नलिनी इथे होती आणि तिला घरची आठवण यायची. सासूबाईंनी पार्सलं पाठवली. चुलीची भाजकी माती, पाटीवरच्या पेन्सिली, नाचणीचं सत्त्व, सुकवलेले बांगडे. नलिनी पेन्सिली कुरतडत कामाला जायची.

सबनीसांचा चेहरा पडला. नियमाने बघायचं तर मंगेश बाहेरचा होता. पृथ्वीवर पाठवता येत नाही अशा मुलांना वर फिरत्या स्थानकातल्या वसतिगृहात ठेवत. आणि नियम बाजूला ठेवायचा म्हटलं तर जन्मदाखले पुन्हा खरे धरावे लागणार, म्हणजे केतकी बाहेरची. दात मानला तर मुलगा जातो, नाही मानला तर मुलगी. त्यांनी दोन्हीकडून विचार करून बघितला आणि दोन्हीकडून तिथेच येऊन थांबले.

"साहेब," मोरेश्वर शांतपणे म्हणाला, "मला दोन पोरं आहेत. त्यातलं कुठलं निवडायचं हे तुम्ही मला विचारू नका."

"मी विचारत नाहीये, धुरी. मला परिषदेत विचारणार आहेत."

मग त्यांनी आवाज खाली आणून डॉक्टरांना विचारलं, की पाटीच्या पेन्सिली किती खाल्ल्या तर दातात उतरतात. डॉक्टरांनी कारण विचारलं. सबनीस थोडं घुटमळले. "आमच्याकडे एक खोका आहे. हिला सहावा चालू आहे. अमरावतीहून आईने पाठवलाय."

डॉक्टर पेडणेकर हसल्या नाहीत, पण त्यांना खोकला आला. तो आवरून त्यांनी नियमाचं कलम पुन्हा वाचायला मागितलं. सबनीसांनी पाठ म्हणून दाखवलं. जन्मरेषेच्या आतला थर वसाहतीच्या मातीशी जुळला पाहिजे.

"वसाहतीच्या," डॉक्टर म्हणाल्या. "मग आपण ताडून कशाशी बघतोय? पहिलं यान उतरलं तेव्हा बाहेरच्या रेतीचा आकडा घेतला, तोच आजवर यंत्रात आहे. ती वाळवंटाची माती झाली. वाळवंट कोणी खात नाही. आपण वाफ्यातलं खातो, आणि वाफ्यांची माती कोणी मोजलेलीच नाही."

त्यांनी त्याच दुपारी सगळ्या घुमटांतल्या वाफ्यांचे नमुने मागवले. मोरेश्वर मुलांना घेऊन तिथेच थांबला. एकेक आकडा येत गेला. नव्या घुमटातली माती जवळजवळ वाळवंटासारखी होती, केतकीच्या दाताशी जुळणारी. घुमट जितका जुना, तितका आकडा पृथ्वीकडे सरकलेला. तिसऱ्या घुमटातल्या सगळ्यात जुन्या वाफ्याचा आकडा आला तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा मोजला. मंगेशच्या दाताच्या तो अगदी लगत होता.

"हे कसं?" सबनीसांनी विचारलं.

"इथे पृथ्वीवरून जे जे आलं ते शेवटी कुठे गेलं? लोणच्याच्या फोडी, खरकटं, संडास, सगळं खतात. इतकी वर्षं आपण कोकण, विदर्भ, खानदेश त्या रेतीत कालवतोय. वसाहतीची माती एका आकड्याची नाहीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी वसाहतीचीच. दोन्ही मुलं तिच्यात बसतात." त्यांनी तिसऱ्या घुमटाच्या आकड्यावर बोट ठेवलं. "आणि माणसंही त्याच मातीत गेलीत."

अरुणवाडीत चितेला देण्याइतका प्राणवायू नव्हता. गेलेल्या माणसाची माती करून ती वाफ्यात मिसळत, आणि घरच्यांना वाफा दाखवत. तिसऱ्या घुमटातला तो जुना वाफा मोरेश्वरला चांगला माहीत होता. दर रविवारी तो तिथे जायचा. त्या पार्सलांतल्या पेन्सिली खाणारी आणि त्या वाफ्यात मिसळलेली बाई एकच होती. यंत्राने दोन ठिकाणी तिलाच मोजलं होतं.

सबनीसांनी हे विचारलं नाही, पण त्यांना कळलं असावं. त्यांनी दोन्ही मुलांच्या नावापुढे मूळचे असा शिक्का मारला आणि टोपी काढून हातात घेतली. मग ती पुन्हा घालून, डॉक्टरांना यंत्रातला जुना आकडा आजच बदलायला सांगून, घरी खोका तपासायला गेले.

संध्याकाळी मोरेश्वर मुलांना घेऊन तिसऱ्या घुमटात गेला. यंत्राने दातांचा कण कण घेऊन बाकीचे परत दिले होते. कौलं नव्हती, म्हणून दोघांनी आपापला दात जुन्या वाफ्यात बोटाने भोक करून पुरला. मंगेशने वर पाणी घातलं, दात उगवेल या हिशोबाने. वाफ्यात अळू माजलं होतं. मोरेश्वरने चार पानं खुडली.

"बाबा, आता माझे नवे दात कुठले येणार?"

"डॉक्टर म्हणाल्या, पुढचे आत घडून झालेत. मागच्या दाढा अजून घडतायत. तू इथलं जे खाशील त्याच्या."

केतकीने वाफ्याकडे बघितलं, मग बाबाच्या हातातल्या पानांकडे. या वाफ्यात कोण आहे हे तिला माहीत होतं.

रात्री खाणावळीत अळूचं फदफदं होतं. केतकीने पहिल्या घासाला घसा खाजतो म्हणून सांगितलं, पाणी प्यायली, आणि वाटी पुन्हा पुढे केली. मोरेश्वरने ती काठोकाठ भरली.