तू नीज, भिका

रात्रीची लाईट यायची होती. आम्ही टमाट्याच्या शेतात पाण्याच्या मोटारीपाशी भुताच्या गोष्टी करत वाट बघत बसलो होतो. गोटीरामतात्या म्हणाले, "आमच्या पेठ तालुक्यातला भिका. आम्ही एका बागेत कामाला होतो. त्याच्यावर आलेलं सांगतो. खोटं नाय.

"नव्याण्णव साल. कार्तिकातली अवस, मंगळवार. भिका नाशिकच्या दवाखान्यातून चहा आणायला निघाला. त्याचा बाप चिमाजी तिथं होता. खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला वजन टांगलेलं. भिका दिवसा द्राक्षबागेत राबायचा, रात्री बापाच्या खाटेखाली निजायचा."

"तात्या, भूत दवाखान्यात? त्याला काय सर्दी झाली व्हती?" आमच्यातला लखन हसला.

"ऐक रे. आदल्या रात्री म्हाताऱ्यानं लघवीच्या भांड्यासाठी त्याला सारखं उठवलं. भिका सगळ्या वॉर्डासमोर खेकसला, 'लेकरू हायस का? झोपू दे की!' दोघं-तिघं हसले.  सकाळपासून म्हाताऱ्यानं पाण्याचा थेंब घेतला नाय. भांडं लागू नये म्हणून.

"संध्याकाळी भिका कामावरून आला, तेव्हा शेजारच्या पेशंटनं सांगितलं.  बापाचे ओठ पार सुकलेले.

"'बा, पाणी घे.'

"म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

"'मग चहा आणतो. चहा तरी घेशील?'

"म्हाताऱ्यानं मान डोलावली. म्हणून भिका निघाला."

तात्या थोडे पुढे सरकले. 

"चहा घेऊन तो परत आला. व्हरांड्यात एकच दिवा. संडासाकडून कुणीतरी येत होतं. भिंत धरून... हळूहळू...

"बाप.

"'बा? तू उठलास?'

"'तू नीज, भिका. मी जाऊन आलो. आता तुला उठवायचा नाय.'

"भिकाला बरं वाटलं. तेच अजून त्याच्या मनाला खातंय. म्हातारा हिंडाफिरायला लागला, आपण सुटलो... असं वाटलं त्याला.

"मग पायाचं आठवलं.

"वळून बघितलं. व्हरांडा रिकामा.

"तो धावला. खाटेपाशी सिस्टर उभी. बापाच्या तोंडावर चादर ओढलेली. वजन तसंच टांगलेलं. दोरी ताणलेली...

"भिकानं पायावरची चादर सारली..."

"मग?" लखनचा आवाज बारीक झाला होता.

तात्यांनी आवाज खाली आणला.

"पायाचे दोन्ही तळवे ओले होते. पाणी ठिबकत होतं... खाली फरशीवर."